दहा आकड्यांचं नाव

दोस्तांनो, टेलिफोन डिरेक्टरी नावाचा ग्रंथ तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? नसेल तर आई-बाबांना विचारा. उशीसारखी जाडजूड, कागद पिवळट आणि अक्षरं मुंगीएवढी. आमच्याकडे ती फोनच्या स्टुलाखाली असायची. गावात ज्याच्या ज्याच्या घरी फोन, त्याचं आडनाव, नाव, पत्ता आणि नंबर त्यात छापलेला. तोही चोरून नाही, खुद्द फोन खात्याने छापून वाटलेला! पावसाळ्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही भावंडं त्यात आपल्या आडनावाची माणसं किती, ते मोजत बसायचो.

आता तुम्ही म्हणाल, गावभर नंबर छापलेला चालत होता, मग आज आमच्याच मागे का लागता सगळे? "नंबर कुणाला देऊ नको" हे वाक्य आई रोज ऐकवते, शाळेत सर ऐकवतात, बँक तर मेसेज पाठवून ऐकवते. तुम्ही लोक फार शूर होतात की काय?

शूर वगैरे काही नव्हतो. नंबर वेगळा होता.

त्या काळातला नंबर माणसाचा नसायचा, घराचा असायचा. तो फिरवला तर दिवाणखान्यात घंटी वाजे, आणि ती कोण उचलेल याचा नेम नसे. बहुतेक वेळा आजोबाच उचलत. कुणाला आमच्या ताईला त्रास द्यायचा असता, तर त्याला आधी आजोबांच्या "कोण बोलतंय? कुणाचा मुलगा तू?" या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं असतं. घर बदललं की नंबरही बहुधा बदले. आणि नंबर ठाऊक असला तरी त्याने एकच गोष्ट करता येत होती, ती म्हणजे घंटी वाजवणं. बस.

आता तुमच्या खिशातल्या नंबराकडे बघा. २० जानेवारी २०११ पासून देशभर अशी सोय झाली, की कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो. सोय फार चांगली, मीही तिचा फायदा घेतलाय. पण त्यामुळे झालं काय, की माणूस गाव बदलतो, नोकरी बदलतो, फोन तर दर तीन वर्षांनी बदलतो, नंबर मात्र आयुष्यभर चिकटून राहतो. सिमकार्ड घेताना ओळखपत्र द्यावं लागतं, म्हणजे त्या दहा आकड्यांमागे कुठेतरी नाव, पत्ता, फोटो सगळं नोंदलेलं आहे. त्याच नंबरावर बँकेचा ओटीपी येतो, गॅसचा सिलिंडर नोंदवला जातो, आधार जोडलेलं असतं, शाळेचं अ‍ॅप उघडतं. थोडक्यात, नंबर हे तुमचं दुसरं नाव झालंय, आणि पहिल्या नावापेक्षा पक्कं. तुमच्या नावाची दुसरी मुलगी त्याच वर्गात असू शकते, पण तुमच्या नंबराची दुसरी मुलगी साऱ्या जगात नाही.

आणि हे पक्कं नाव आपण दिवसाला कितीदा देतो? नव्या क्लासला, नव्या ग्रुपला, नव्या अ‍ॅपला. सगळ्यात आधी ते दिलं व्हॉट्सअ‍ॅपला. तिथे दुसरं काही चालतच नव्हतं.

त्याचीही एक गंमत आहे बरं का. व्हॉट्सअ‍ॅप २००९ साली सुरू झालं. ते काढणारे जॅन कूम जन्मले युक्रेनमध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघात. लहानपणी त्यांच्या घरची माणसं फोनवर मोकळेपणी बोलत नसत, कारण कुणीतरी ऐकत असेल ही भीती, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. सोळाव्या वर्षी ते आईबरोबर अमेरिकेत आले. अशा माणसाने केलेल्या अ‍ॅपमध्ये फोन नंबर सक्तीचा कसा झाला? तर सोय म्हणून. तोवर अशा प्रत्येक ठिकाणी नवं नाव घ्या, पासवर्ड ठरवा, तो विसरा, मित्रांना शोधत बसा, असा सगळा द्राविडी प्राणायाम होता. कूम आणि त्यांचे जोडीदार ब्रायन अ‍ॅक्टन यांनी ठरवलं, की फोनमध्ये नंबरांची यादी आहेच, तीच वापरू. अ‍ॅप घेतलं की ओळखीची माणसं आपोआप समोर! माझी आई सत्तरीत व्हॉट्सअ‍ॅप शिकली ती याचमुळे. तिला कुणी युजरनेम विचारलं असतं, तर तिने फोन परत कपाटात ठेवला असता.

दुसरंही कारण होतं. ईमेलचे हजार पत्ते एका दुपारी तयार करता येतात, पण हजार सिमकार्डं मिळवणं कटकटीचं. त्यामुळे नंबर मागितला की फुकटे, खोटे, जाहिरातबाज जरा कमी घुसतात.

पुढे एप्रिल २०१६मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने सगळ्या संदेशांना कुलूप लावलं. पाठवणाऱ्याच्या फोनवर संदेश गुप्त लिपीत जातो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उलगडतो. मध्ये कंपनीलाही वाचता येत नाही. "तुमचे संदेश सुरक्षित आहेत" अशी पिवळी चौकट चॅटच्या वर दिसते ना, ती हीच.

हे खरं आहे. पण दोस्तांनो, इथे जरा थांबा, कारण बहुतेक मोठी माणसंही इथेच गोंधळतात. आतली गोष्ट लपणं वेगळं आणि आपण कोण ते लपणं वेगळं. पोस्टातलं अंतर्देशीय पत्र आठवा. (पाहिलं नसेल तर पुन्हा आई-बाबांना विचारा. आज त्यांना बरंच काम लावलंय मी.) ते चिकटवलेलं असतं, आतला मजकूर पोस्टमनला दिसत नाही. पण मागे पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायचा की नाही, ते तुमच्या हातात. लाल पत्रपेटी कुणाला नाव विचारत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं कुलूप पत्राच्या चिकटीसारखं आहे, एकदम घट्ट. पण इथे पाकिटावर पाठवणाऱ्याचा नंबर सक्तीने छापला गेला. कुणी कुणाला, कधी, किती वेळा पत्र पाठवलं हे पाकीट बघून कळतंच. आणि ग्रुपमध्ये तर तुमचं पाकीट दीडशे जणांच्या हातात.

माझ्या भाचीचं हेच झालं. ती नववीत आहे, नाशिकला असते. २०२०मध्ये शाळा घरात आल्या, तेव्हा भावोजींनी तिच्यासाठी वेगळा फोन घेतला. सिम अर्थातच भावोजींच्या नावावर. मागच्या उन्हाळ्यात तिने बुद्धिबळाचा क्लास लावला. क्लासचा ग्रुप होता: मुलं, पालक, जुने विद्यार्थी, स्पर्धा भरवणारे, कोण कोण. एकशे ऐंशी जण. एका स्पर्धेनंतर रात्री सव्वाअकराला तिला अनोळखी नंबरावरून मेसेज आला, "वजीर फुकट घालवलास आज." तिला वाटलं, क्लासमधलंच कुणीतरी चिडवतंय. तिने विचारलं, "कोण?" उत्तर आलं, "ओळख बघू." मग लगेच दुसरा मेसेज, "निळा टी-शर्ट छान होता."

ती उठली आणि ताईला उठवून फोन तिच्या हातात दिला. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं.

पण पुढचे दिवस घरात फार वाईट गेले. ताई म्हणत होती, "कुणालाही नंबर देतेस कशाला?" भाची रडून सांगत होती, "अगं आई, मी कुणालाच नाही दिला! मी फक्त क्लासला गेले!" आणि ते अगदी खरं होतं. तिने कुणाला काहीही दिलं नव्हतं. ग्रुपमध्ये नाव घालताना तिला कुणी विचारलंही नव्हतं. मला फोन करून ती म्हणाली, "मावशी, त्याला माझं नाव, क्लास, फोटो, सगळं माहितेय. मला त्याचं काहीच नाही. असं कसं?"

भावोजींनी स्क्रीनशॉट काढून सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. तो नंबर कुठल्यातरी दुसऱ्याच राज्यातल्या माणसाच्या नावावर निघाला, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. हे ऐकून मी चाटच पडले. ओळखपत्राची एवढी सक्ती, पण तिचा भार कुणावर? सरळ माणसाचा नंबर त्याच्याच नावावर असतो, म्हणून तो उघडा पडतो. वाकडा माणूस दुसऱ्याचं सिम घेऊन मोकळा.

तुम्ही म्हणाल, आम्ही नाही जाणार अशा ग्रुपात. ठीक. पण नंबर शोधायला ग्रुपच हवा असंही नाही. एक गणित करू या. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी, आणि पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९. पहिल्या जागी चार पर्याय, उरलेल्या नऊ जागी दहा-दहा. म्हणजे सगळे मिळून जास्तीत जास्त ४०० कोटी नंबर होतात. आपल्याला खूप वाटतात, यंत्राला नाही वाटत. व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर केलं, की त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपला एकामागून एक नंबर विचारले: हा आहे का तुमच्याकडे? हा आहे का? तासाला १० कोटींहून जास्त नंबर! कुणी अडवलं नाही. त्या वेगाने आपले ४०० कोटी नंबर ४० तासांत संपतात. शनिवारी सकाळी आठला सुरू केलं तर रविवारी मध्यरात्री काम फत्ते. त्यांना जगभरातली ३५० कोटी खाती सापडली, आणि निम्म्याहून जास्त लोकांचे फोटोही दिसले, कारण ते सगळ्यांसाठी उघडे ठेवलेले होते. ही माणसं सज्जन होती. त्यांनी कंपनीला कळवलं, माहिती पुसून टाकली, आणि कंपनीने मग अशा विचारण्यावर मर्यादा घातली. पण तोवर दुसऱ्या कुणी विचारलं नसेल कशावरून?

(वाचता वाचता एक करा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी उघडा. फोटो कुणाला दिसतो, ग्रुपमध्ये कोण घालू शकतं, ते तिथे आहे. ग्रुपची ती सोय एप्रिल २०१९मध्ये आली, पण ती न हलवता ठेवली तर 'एव्हरीवन'वर असते. भाचीचीही तशीच होती.)

नंबराची ही भानगड फक्त व्हॉट्सअ‍ॅपची नाही. २०१९ साली हाँगकाँगमध्ये सरकारविरुद्ध मोठी आंदोलनं झाली. तिथली मुलं टेलिग्रामवरच्या मोठमोठ्या ग्रुपांमधून एकमेकांना निरोप देत. तिथे टोपणनाव घेता येतं, नंबर लपवता येतो. पण लक्षात आलं, की कुणी फोनमध्ये हजारो नंबर ओळीने भरून ठेवले, तर टेलिग्राम आपणहून सांगत होतं की यातला हा नंबर म्हणजे ग्रुपमधला तो. ज्यांना पोलिसांची भीती होती, त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती. टेलिग्रामने मग ते बंद करण्याची सोय दिली.

सिग्नल नावाचं अ‍ॅप तर याच कामासाठी गाजलेलं. २०१६ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून त्यांना सरकारी हुकूम आला, की अमुक नंबराच्या माणसाची सगळी माहिती द्या. त्यांनी दिली. काय होती ती सगळी माहिती? खातं कधी उघडलं, आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. दोनच गोष्टी! बाकी त्यांनी साठवलंच नव्हतं, देणार कुठून? मला ही गोष्ट फार आवडते. तरीही नंबर त्यांनाही लागायचाच. ऑगस्ट २०२२मध्ये त्यांच्यासाठी ओटीपी पाठवणाऱ्या कंपनीत चोर शिरले, आणि सुमारे १९०० जणांचे नंबर उघडे पडले. संदेश नाहीत हं, नंबर. शेवटी २०२४मध्ये सिग्नलने युजरनेम आणलं: खातं उघडायला नंबर द्यायचा, पण समोरच्याला तो दाखवायचा नाही. नकोसं झालं की युजरनेम बदलून टाकायचं.

आणि स्वित्झर्लंडमधलं थ्रीमा नंबर मागतच नाही. ते तुम्हाला आठ अक्षरांची खूण देतं, अक्षरं आणि आकडे मिसळून. किती वेगवेगळ्या खुणा होतील? ३६ला ३६ने आठ वेळा मांडून गुणा. २ लाख ८२ हजार कोटींच्या वर जातं. चाळीस तासांत मोजून होत नाही ते! पण थ्रीमाला पैसे पडतात, आणि मुख्य म्हणजे आमच्या सोसायटीतलं एकही माणूस तिथे नाही. पाण्याचा टँकर कधी येणार ते थ्रीमावर कळत नाही. त्यामुळे मीही व्हॉट्सअ‍ॅपवरच आहे.

आता एक अवघड प्रश्न. नाव लपवणारा माणूस वाईटच नसतो का? भाचीला मेसेज करणारा लपलेलाच होता की. वर्गातल्या मुलीबद्दल निनावी पानावर घाणेरडं लिहिणारे लपलेलेच असतात. फोनवरून "तुम्हाला अटक झाली आहे" असं धमकावून म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटणारेही. म्हणून तर नोव्हेंबर २०२५मध्ये आपल्या दूरसंचार विभागाने आदेश काढला, की असं अ‍ॅप ज्या सिमवर उघडलं, ते सिम फोनमध्ये असेल तरच चाललं पाहिजे. ज्यांचे पैसे गेले त्यांना विचाराल, तर ते म्हणतील बरं झालं. मला त्यांचं म्हणणं कळतं.

पण मग मला १८४८ साल आठवतं. मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात तेव्हा पत्रं येऊ लागली. आपल्याच समाजातल्या वाईट रूढींवर, जातींच्या अभिमानावर, मुलींना न शिकवण्यावर सडेतोड टीका. शंभरावर पत्रं, आणि खाली सही 'लोकहितवादी'. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख पंचविशीतले, सरकारी नोकरीतले. प्रत्येक पत्राखाली स्वतःचं नाव, हुद्दा आणि घरचा पत्ता छापणं सक्तीचं असतं तर त्यांनी ती सगळी लिहिली असती का? मला शंका आहे. लोकहितवादींनी टोपणनाव घेतलं ते अख्ख्या समाजाला प्रश्न विचारण्यासाठी. तो वजीरवाला लपला एकट्या मुलीला घाबरवण्यासाठी. दोघांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

आपल्या देशात यावर मोठा निकाल झाला. के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायमूर्तींनी वयाच्या ऐंशीनंतर २०१२ साली आधारविरुद्ध याचिका केली होती. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आई-बाबांनो, तो मुलांनाही आहे हं! नववीतली मुलगी खोलीचं दार लोटून घेते तेव्हा ती काही लपवतच असते असं नाही. माझ्या भाचीने त्या रात्री स्वतःहून फोन दाखवला, कारण एरवी तिचा फोन कुणी हिसकावून बघत नव्हतं, असं माझं मत. भावोजींना ते अजून पूर्ण पटलेलं नाही.

शेवटी तिचा नंबर बदलायचं ठरलं. ऐकायला सोपं वाटतं. शाळेचं अ‍ॅप, शिष्यवृत्तीचा फॉर्म, बुद्धिबळ स्पर्धांची नोंदणी, वाचनालय, जिथे जिथे तो दिला होता तिथे तिथे अर्ज. तीन शनिवार गेले. नव्या नंबराला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं ते तिने आधी बंद केलं, आणि क्लासला ताईचा नंबर दिला. खेळ सोडायचा का, असं भावोजींनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, वजीर मी घालवला होता, खेळ का घालवू?"

गंमत पुढेच आहे. नवं सिम नवं असतं, नंबर नवा असतोच असं नाही. कुणी नंबर सोडला, की तो किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, मग दुसऱ्याला देतात. २०२३मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयात हेच सांगितलं होतं. भाचीला मिळालेला नंबर आधी कुणा पेटीवाल्या मास्तरांचा होता. पहिल्याच आठवड्यात एसएमएस आला, "मास्तर, सप्त्याला पेटी घेऊन येताय ना?" मग पतपेढीचा हप्ता थकल्याचा. मग कुणा विद्यार्थ्याचा, की परीक्षा पास झालो, पाया पडतो. मास्तरांचं कर्ज किती, गावं कुठली, शिष्य किती, हे तिला घरबसल्या कळत होतं, आणि मास्तरांना याची दादही नव्हती. तिला ते वाचणं बरं वाटेना. "मावशी, आता मीच त्या माणसासारखी झालेय गं, सगळं माहीत असलेली," ती म्हणाली.

पतपेढीला तिने भावोजींकडून पत्र पाठवायला लावलं. बाकी प्रत्येकाला ती एकच उत्तर पाठवते: "हा नंबर आता मास्तरांचा नाही." बहुतेक जण "सॉरी" म्हणून थांबतात. परवा एकाने उलट विचारलं, "मग मास्तर कुठे गेले?"

त्यावर काय लिहायचं, ते तिला अजून सुचलेलं नाही.